बारा अंशांची पाठ

बंगळूरजवळ बोम्मसंद्र्याला पंपांचे शाफ्ट, म्हणजे आतले फिरते दांडे, बनवणारा एक कारखाना आहे. तिथं तयार झालेला प्रत्येक शाफ्ट गिरीराज मान्याच्या टेबलावरून पुढं जातो. शाफ्ट दोन आधारांवर आडवा ठेवायचा, घड्याळासारखा काटा असलेलं मापयंत्र त्याला टेकवायचं आणि शाफ्ट हातानं सावकाश फिरवायचा. काटा जागचा हलला नाही, तर शाफ्ट सरळ. हलला, तर टोकाला लाल रंगाचा पट्टा ओढून तो कोपऱ्यातल्या पेटीत टाकायचा. अठरा वर्षं गिरीराजनं हेच केलं होतं. आता काट्याचीही गरज उरली नाही, शाफ्ट समोर धरून एक डोळा मिटला की केसाएवढा बाक कळतो, असं तो सांगायचा. कारखान्याबाहेरही त्याचा तो डोळा मिटलेलाच असायचा. कललेला विजेचा खांब, तिरकी पाटी, दाराचा वाकडा पडदा, काही म्हणून त्याच्या नजरेतून सुटत नसे. सासुरवाडीला गेला की आधी भिंतीवरचे फोटो सरळ करायचा आणि मग पाणी प्यायचा.

त्यामुळं त्याची नऊ वर्षांची मुलगी अनुषा शाळेतून आरोग्य तपासणीचं कार्ड घेऊन आली आणि त्यात उंची, वजन आणि किडक्या दाढेच्या खाली ‘पाठीचा कणा किंचित वाकलेला, तज्ज्ञांना दाखवावे’ असं लिहिलेलं निघालं, तेव्हा त्याला काळजी नंतर वाटली, आधी राग आला. आपल्या घरातला बाक आपल्याला दिसला नाही आणि शाळेत दोन मिनिटं येऊन गेलेल्या कुणा पोरसवदा डॉक्टरला दिसला, हे त्याला पटेना. त्यानं अनुषाला भिंतीशी उभं केलं, चार पावलं मागं सरकला, एक डोळा मिटला आणि निकाल दिला की पोर सरळ आहे, कार्ड चुकलंय.

त्याची बायको संयोगिता जयनगरला चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांना जे दिसत नाही ते शांतपणे दाखवून देण्याची तिला सवय होती. तिनं वाद घातला नाही. अनुषाला तिनं गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरायला सांगितलं आणि गिरीराजला मागं उभं केलं. पोर वाकली तशी तिच्या उजव्या बरगडीची बाजू डावीपेक्षा जराशी वर आली. फ्रॉकच्या आत कुणी घडी घातलेला रुमाल सरकवावा, इतकीच.

“आता दोन्ही डोळे उघडून बघा,” संयोगिता म्हणाली.

गिरीराजनं बघितलं, आणि खुर्ची ओढून बसला.

डॉक्टर रम्या जयनगरलाच बसायच्या. मुलांच्या हाडांच्या डॉक्टर. त्यांनी एक्स-रे काढून घेतला, तो उजेडावर लावला, पट्टीनं दोन रेघा मारल्या आणि मधला कोन मोजला. बारा अंश. दहापर्यंत आम्ही त्याला नावही देत नाही, असं त्या म्हणाल्या. म्हणजे दोनच अंश जास्त ना, गिरीराजनं विचारलं, मग तेवढे काढून नाही का देता येणार? डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडं नीट बघितलं आणि नोकरी काय करता म्हणून विचारलं. त्यानं सांगितलं. “अस्सं,” त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर त्या जे बोलल्या ते फार सावकाश बोलल्या.

हे सौम्य आहे, असं त्यांनी सांगितलं. का होतं ते बहुतेक वेळा कळत नाही. दप्तरानं होत नाही, वाकडं बसल्यानं होत नाही, आईबापांच्या चुकीनं तर नाहीच नाही. कधी कधी घराण्यात असतं. पट्टा नको, गोळ्या नकोत. थोडे व्यायाम शिकवतील ते करायचे, आणि उंची वाढत असते तोवर लक्ष ठेवायचं. धावू दे, नाचू दे, झाडावर चढू दे. सहा महिन्यांनी परत आणा.

संयोगितेला हे सगळं ऐकू आलं. गिरीराजला ‘बारा’ ऐकू आलं, आणि ‘घराण्यात’.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तो एक प्लायवूडची फळी घेऊन आला. अनुषाची गादी माळ्यावर गेली आणि पोर फळीवर चादर टाकून झोपू लागली. सामान तोलायचा हूक असलेला छोटा काटा आला, आणि रोज सकाळी रिक्षा दारात हॉर्न वाजवत असताना दप्तराचं वजन होऊ लागलं. एका सकाळी चारशे ग्रॅम जास्त भरलं म्हणून त्यानं कन्नडचं पुस्तक बाहेर काढलं. वर्गात अनुषाला उभं करण्यात आलं. तिनं बाईंना सांगितलं की माझ्या पाठीला कन्नड चालत नाही. बाईंनी संयोगितेला फोन केला, आणि ती संध्याकाळ गिरीराजला जड गेली.

पण तो थांबणाऱ्यातला नव्हता. दाराच्या चौकटीला त्यानं गवंड्याचा ओळंबा बांधला. सकाळी दात घासून झाले की अनुषानं त्या दोरीला पाठ करून उभं राहायचं, आणि यानं मागून बघायचं. त्याखेरीज ‘सरळ बस’ हे दोन शब्द घरात असे सुरू झाले की स्वयंपाकघरात भाजी चिरणारी संयोगिताही दचकून ताठ व्हायची. अनुषानं वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून एका रविवारी हिशेब लावला. सकाळपासून जेवणापर्यंत एकसष्ट वेळा.

फोनमध्ये पाठ मोजायचं ॲप असतं, हे त्याला कारखान्यातल्या प्रदीपकुमार नावाच्या सोबत्यानं सांगितलं. पोरीला वाकवायचं, फोन पाठीवर आडवा ठेवायचा, किती कललाय ते आकड्यात दिसतं. गिरीराजनं घरी येऊन मोजलं. पाच! आठ दिवसांच्या फळीनं आणि ओळंब्यानं बाराचे पाच झाले होते. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन किलो म्हैसूरपाक नेला आणि अख्ख्या पाळीला वाटला. सायबांनी दोन तुकडे खाल्ले. दुपारी आनंदाच्या भरात त्यानं डॉक्टर रम्यांना फोन केला. त्यांनी सांगितलं की फोन पाठीचा उंचवटा मोजतो आणि एक्स-रे कण्याचा कोन मोजतो, दोन्ही वेगळी मापं आहेत. बाराच्या पाठीला पाच दिसतात, तसे ते दिसले. थोडक्यात, काहीही बदललेलं नाही. म्हैसूरपाक परत मागता येण्यासारखा नव्हता. पुढं महिनाभर लोक त्याला “मुलगी सरळ झाली म्हणे” म्हणून हात मिळवत राहिले, आणि तो “हो, स्वल्प” म्हणत राहिला.

उरला प्रश्न घराण्याचा. बाक आला कुठून, हे शोधायचं त्यानं ठरवलं. कारखान्यात एखादा शाफ्ट वाकडा निघाला की तो कुठल्या मशिनवरून आला ते आधी बघतात, तसंच. संयोगितेच्या माहेराकडून की मान्यांकडून? हा प्रश्न त्यानं जेवताना, अगदी सहज, आमटी वाढून घेता घेता काढला. संयोगितेनं डाव तसाच भांड्यात ठेवला. “बोलवा की सगळ्यांना. मोजूनच घ्या,” ती म्हणाली. ती टोमणा मारत होती. त्यानं खरंच बोलावलं.

एका रविवारी दुपारी दोन्हीकडची वडीलधारी माणसं जेवायला आली. मान्यांच्या बाजूनं अप्पासाहेब, गिरीराजचे थोरले काका, वय अठ्ठ्याहत्तर. मान्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून बंगळूरला आले, आणि अप्पासाहेबांचं बोलणं ऐकून वाटे की ते स्वतः त्या तुकडीत होते. संयोगितेच्या बाजूनं तिची आई सुनंदाबाई, वय सत्तर. त्यांनी आयुष्यभर पोळपाटावर चाळीस चाळीस पोळ्या लाटल्या होत्या आणि जावयाला भीत नव्हत्या. जेवणं झाली. विडे आले. गिरीराजनं घसा साफ करून विषय काढला.

अप्पासाहेबांना तो प्रश्नच अपमानाचा वाटला. मान्यांच्या पाठीत बाक? सात पिढ्या घोड्यावर ताठ बसल्या! सुनंदाबाई शांतपणे म्हणाल्या की आमच्याकडं घोडे नव्हते, पण पाठी होत्या आणि त्या सरळ होत्या. तुमच्या सात पिढ्यांना मागून बघितलंय कुणी? त्यावर अप्पासाहेब उठले. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि ‘बघ गिरी’ म्हणत वाकले.

ते वाकले ते छान वाकले. पण परत वर येण्याचं काही जमेना. गिरीराज फोन हातात घेऊन मागं उभा होता, त्याला वाटलं काका माप नीट यावं म्हणून थांबलेत. त्यानं फोन ठेवला. पाठ इतकी गोल होती की फोन घसरून मानेवर गेला. फरशीकडं तोंड असलेले अप्पासाहेब म्हणाले, “गिरी, फोन राहू दे. मला उचल.”

तिघांनी मिळून त्यांना हळूहळू उभं केलं, दिवाणावर आडवं निजवलं, आणि संयोगितेनं गरम पाण्याची पिशवी आणली. तोवर इकडं सुनंदाबाईंनी पदर खोचला, वाकून दोन्ही तळहात फरशीला टेकवले, आणि तशाच अवस्थेत विचारलं, “बघितलंत का? उठू?” त्यांची पाठ टेबलासारखी सपाट होती. दिवाणावरून अप्पासाहेबांनी मान वळवून भिंतीकडं केली.

समोरच्या घरातल्या भव्याअक्का खिडकीतून हे सगळं बघत होत्या. त्यांनी संध्याकाळी येऊन विचारलं की तुमच्यात ही कुठली पूजा असते.

त्या दिवशी सगळे गेल्यावर अनुषा ओट्याशी बसून शेंगा सोलत होती. गिरीराज अप्पासाहेबांच्या पाठीचा आकडा लिहावा की न लिहावा, या विचारात होता. अनुषानं मान वर न करता विचारलं, “पप्पा, माझ्यावर पण लाल पट्टा ओढणार का?”

त्याला आधी कळलं नाही. मग आठवलं. आयुधपूजेला कारखान्यात घरच्यांना घेऊन जायची मुभा असते. यंदा मशिनना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, दारात कोहळा फोडला होता, आणि त्यानं पोरीला आपलं टेबल दाखवलं होतं. कोपऱ्यातली पेटीही दाखवली होती, मोठ्या अभिमानानं. यातला एकही बाहेर जात नाही, बरं का.

तिनं रडून विचारलं असतं तर त्याला काहीतरी सुचलं असतं. ती शेंगा सोलत होती. उत्तर काहीही आलं तरी शेंगा संपवायच्याच होत्या, अशा बेतानं. “नाही गं, वेडी का,” असं तो म्हणाला, आणि ते त्याला स्वतःलाच फार तोकडं वाटलं. तो उठून चौकटीपाशी गेला, ओळंब्याची गाठ सोडू लागला. गाठ त्यानंच बांधलेली, निघता निघेना. शेवटी त्यानं सुरीनं दोरी कापली.

तरी एक गोष्ट त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. पोर शाळेत उभी राहिली की फ्रॉकचा एक खांदा वर दिसतो, उद्या कुणी चिडवलं तर? पुढच्या शनिवारी तो तिचा नवा गणवेश घेऊन शिवाजीनगरला बसवंत शिंप्याकडं गेला. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, भांड्यांच्या दुकानाला लागून, एक मशिन आणि एक आरसा मावेल एवढं बसवंतचं दुकान. गिरीराजच्या लग्नाचा कोट त्यानंच शिवला होता आणि पुढचे सगळे शर्टही. गिरीराजनं आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. या फ्रॉकच्या डाव्या खांद्यात आतून बारीक गादी बसवता येईल का? बाहेरून कळता कामा नये, मुलीलाही कळता कामा नये.

बसवंतनं टेप गळ्यात टाकली आणि म्हणाला की त्यात काय, तुमच्यात बसवतो तशीच बसवू.

“माझ्यात?”

बसवंतची जीभ दाताखाली गेली. पण बोलून झालं होतं. तो मशिनचं तेल शोधू लागला. गिरीराज हलला नाही. शेवटी बसवंतनं फळीवरून एक जाड, कडा फाटलेली वही काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि चौदा वर्षांपूर्वीचं एक पान पुढं केलं. छाती, कंबर, बाही. त्याखाली कन्नडमध्ये लिहिलं होतं, उजवा खांदा पाऊण इंच उतरता. आत गादी. आणि त्याखाली, दोनदा अधोरेखित, गिऱ्हाइकाला सांगू नये.

हे कुणी सांगितलं, असं गिरीराजनं विचारलं. अक्कांनी, तुमच्या मिसेसनी, बसवंत म्हणाला. लग्नाआधी कापडाचा रंग बघायला त्या भावाबरोबर आल्या होत्या. तुम्ही ट्रायल घालून उभे होता. तुम्ही आत कपडे बदलायला गेलात तेव्हा त्यांनी हळूच सांगितलं. “चौदा वर्षं झाली, सर. चाळीस-पन्नास शर्ट झाले. तुम्ही कधी म्हणाला नाहीत, मीही म्हणालो नाही.”

गिरीराज आरशासमोर उभा राहिला. त्यानं शर्टाची बटणं सोडली, खांदे मोकळे केले आणि सवयीनं एक डोळा मिटला. मग दुसराही मिटला. अठरा वर्षं जगातला प्रत्येक बाक ज्यानं पकडला, तो स्वतः उजवीकडं कललेला होता, विजेच्या खांबासारखा. त्यानं फ्रॉक पिशवीत परत घातला. गादी नको, तो म्हणाला.

घरी आला तेव्हा संयोगिता कपड्यांच्या घड्या घालत होती. तू मला सांगितलं का नाहीस, असं त्यानं दारातूनच विचारलं. कशाबद्दल, हे तिनं विचारलंही नाही, त्याच्या हातातल्या पिशवीवर शिंप्याचं नाव होतं.

“मला बघायला आलात ना, त्याच दिवशी दिसलं,” ती म्हणाली. “तुम्ही आमच्या हॉलमधले फोटो सरळ करत होता, आणि मी आतून बघत होते. म्हटलं, याला कोण सरळ करणार.”

“मग ‘नाही’ का म्हणाली नाहीस?”

“फोटो छान लावलेत,” संयोगिता म्हणाली, आणि टॉवेलाची घडी त्याच्या हातात दिली.

अनुषानं हे सगळं पडद्याआडून ऐकलं होतं. ती फोन घेऊनच बाहेर आली. वाका, पप्पा. गिरीराजनं आढेवेढे घेतले, पण दोन बायकांसमोर त्याचं काही चाललं नाही. तो वाकला. अनुषानं फोन पाठीवर ठेवला, नीट आडवा, जसा तो ठेवायचा तसा. आठ. माझ्यापेक्षा तीन जास्त! ती घरभर नाचली. आजीला फोन केला, अप्पासाहेबांना केला. अप्पासाहेब तेव्हा बरे झाले होते. ते म्हणाले की ही आमच्याकडची नव्हे, गिरीच्या आईकडची पाठ असणार. गिरीराजची आई दहा वर्षांपूर्वीच वारली होती, त्यामुळं या आरोपाला उत्तर द्यायला कुणी नव्हतं. त्या रात्री जेवताना अनुषानं “पप्पा, सरळ बसा” असं एकोणतीस वेळा म्हटलं. त्यानं प्रत्येक वेळी पाठ ताठ केली आणि प्रत्येक वेळी ती आपोआप परत कलली. हे शब्द दुसऱ्या बाजूनं कसे लागतात, ते त्याला पहिल्यांदा समजलं. दुसऱ्या दिवशी गादी माळ्यावरून खाली आली.

व्यायाम मात्र राहिले. पोटावर पडून हात पाय उचलायचे, भिंतीला टेकून उभं राहायचं, असे पाच प्रकार. अनुषा एकटी करायला कंटाळायची म्हणून गिरीराजही शेजारी चटईवर आडवा पडू लागला. ती वीस करायची, तो आठ. नवव्याला त्याच्या तोंडून असा आवाज निघायचा की भव्याअक्कांच्या घरातला टीव्ही बंद व्हायचा.

सहा महिन्यांनी तिघं परत डॉक्टर रम्यांकडं गेली. नवा एक्स-रे उजेडावर लागला, रेघा मारल्या गेल्या. अकरा. संयोगितेनं हळूच नवऱ्याकडं बघितलं, म्हैसूरपाकाच्या धास्तीनं. पण गिरीराजनं एवढंच विचारलं की मापात किती इकडंतिकडं धरायचं. तीन-चार अंश सहज, डॉक्टर म्हणाल्या, मोजणारा बदलला तर पाचही. “म्हणजे बारा काय, अकरा काय, सारखंच,” तो म्हणाला. मापाबद्दल कुणी इतकं सरळ बोललं की त्याला फार बरं वाटायचं. बाई खूश झाल्या. त्यांना वाटलं होतं, हा माणूस आज भांडणार.

मग अनुषानं डॉक्टरांना विचारलं की तुम्ही पप्पांनाही वाकवून बघाल का. त्यांनी बघितलं. चष्मा वर करून म्हणाल्या की हो, आहे खरं, लहानपणापासूनचं असणार. कधी दुखलं का? कधीच नाही, गिरीराज म्हणाला. पोरीच्या पुढच्या तीस वर्षांची जी चित्रं तो सहा महिने मनात काढत होता, त्यातलं एकही त्याच्या स्वतःच्या गेल्या बेचाळीस वर्षांत कधी घडलं नव्हतं. त्यानं बटणं लावली. पुढची तारीख त्यानं फोनमध्ये नोंदवली, कारण लक्ष तर ठेवायचंच होतं.

बाहेर पडल्यावर अनुषानं जाहीर केलं की तिला पोहायला शिकायचंय. घराजवळच्या पोहण्याच्या तलावावर नवी बॅच सुरू होत होती. पण एक अडचण होती, तिला पाण्याची भीती वाटायची, आणि पप्पा उतरले तरच ती उतरणार होती. गिरीराजला पोहता येत नव्हतं. संयोगितेनं त्याच संध्याकाळी दोन टोप्या विकत आणल्या, एक निळी आणि एक गुलाबी. निळी अनुषानं आधीच घातली होती.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता, सात-आठ वर्षांच्या चौदा मुलांच्या रांगेत, गुलाबी टोपी घातलेला गिरीराज माने उघड्या अंगानं उभा होता. मागच्या एका पोरानं त्याची पाठ बघून शेजारच्याला काहीतरी दाखवलं. अनुषानं वळून त्याला सांगितलं की ते आठ आहेत, मी पाच आहे, आमच्या घरात असतंच. पोराला काही कळलं नाही, पण त्याला ते मोठं भाग्याचं वाटलं असावं, कारण त्यानं स्वतःचा आकडा किती म्हणून विचारलं.

तिसऱ्या आठवड्यात अनुषा खोल बाजूला गेली. गिरीराज अजून उथळ पाण्यातच, कठड्याला धरून पाय मारतोय.